मदत हवी आहे: दक्षिण आफ्रिकेत टीबी खाणीतून गावात कसा पोचतो?

नमस्कार मंडळी. मी सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करते आणि एका प्रश्नाशी अडलेय.

जोहान्सबर्गभोवतीच्या सोन्याच्या खाणींत लेसोथो, मोझांबिकहून पिढ्यानपिढ्या माणसं कामाला येत आली. दगड फोडताना उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसात बसते, त्यात एचआयव्ही, त्यात एका खोलीत दाटीवाटीनं झोपणं. टीबीला आणखी काय हवं! आजारी पडलेला कामगार परततो डोंगरातल्या गावी, जिथून दवाखाना लांब. इथवर कळतं.

पण पुढे? क्वाझुलू-नाताळ प्रांतातल्या तुगेला फेरी या ग्रामीण भागात २००५-०६ मध्ये जवळपास कुठल्याच औषधाला दाद न देणाऱ्या टीबीचे ५३ रुग्ण सापडले, त्यातले ५२ दगावले. अनेकांना लागण रुग्णालयातच झाली असावी, हे वाचून मी हादरले. मग घरात किती पसरतो, आणि थंडीत काचा लावून खच्चून भरलेल्या मिनीबस टॅक्सीत किती?

डर्बन, केपटाउनकडे काम केलेलं कुणी आहे का इथे? केपटाउनजवळच्या खायेलित्शासारख्या दाट, गरीब वस्तीत रुग्णाच्या घरच्यांची तपासणी प्रत्यक्षात कशी होते? डोळ्यांनी पाहिलंय तेवढं लिहिलंत तरी फार मदत होईल.