डोंबिवलीचा इतिहास स्टेशनापासून धरायचा का?

पूर्वेकर:
भाचीला शाळेत 'आपले शहर' हा प्रकल्प दिलाय. तिचं पहिलंच वाक्य: 'रेल्वे येण्यापूर्वी डोंबिवलीत काही नव्हते.' मी ते खोडलं नाही. १८५४ मध्ये गाडी कल्याणपर्यंत धावू लागली, पुढे इथे स्टेशन झालं आणि गिरगाव-दादरच्या एका खोलीत राहणारी माणसं लोकलच्या भरवशावर इकडे आली. वडील आयुष्यभर दारात उभं राहून व्हीटीला गेले, तरी रात्री मंडळाच्या बैठकीला हजर. गणेश मंदिर संस्थान १९२४ चं. पाडव्याची स्वागतयात्रा याच संस्थानाने १९९९ मध्ये सुरू केली आणि मग ती गावोगाव गेली. हे शहर चाकरमान्यांनी घडवलं.

आयरेगावचा:
दादा, 'काही नव्हते' हे वाक्य लागलं. आमची भातशेती होती, खळं होतं, गावदेवी होती. एकेकाळी लोकलला वीज देणाऱ्या चोळे पॉवर हाउसला ज्या गावाचं नाव आहे, ते चोळे तुमच्या इतिहासात कुठाय? आमची आजी पहाटे डोक्यावर टोपली घेऊन बाजारात बसायची. माठाच्या जुड्या ओल्या फडक्याखाली, सुटे पैसे कनवटीला. तुमच्या घरची भाजी तिच्याकडूनच आली असेल. आणि २०१७ चं इथलं ९० वं साहित्य संमेलन आठवा. संमेलननगरीला नाव लेखक पु. भा. भाव्यांचं, पण यजमान संस्था आमच्या आगरी समाजाची, आगरी यूथ फोरम. सांस्कृतिक डोंबिवली म्हणताना हे कसं विसरता?

पूर्वेकर:
संमेलनाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण गाव असणं वेगळं आणि शहर होणं वेगळं. अशी गावं खाडीकाठी कितीतरी होती. डोंबिवलीचीच डोंबिवली का झाली, याचं उत्तर रुळांतच आहे.

नवी पिढी:
मला दोघांचंही पटत नाही. माझा जन्म इथला, घरी मल्याळम बोलतो, दिवाळी पहाटेला फडके रोडवर मीही असतो. आधी कोण आलं यावरच बोलत बसलो तर आमची पाळी कधी येणार?

आयरेगावचा:
तुझी पाळी आहेच रे. पण जमीन ज्यांची गेली त्यांचं नाव तरी लिहा. आसपासची २७ गावं २००२ मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेतून बाहेर काढली, २०१५ मध्ये पुन्हा आत घेतली. तिथल्या माणसांसाठी हा इतिहास अजून संपलेला नाही.

पूर्वेकर:
भाचीने वाक्य बदललंय: 'रेल्वे येण्यापूर्वी इथे शेतकऱ्यांची गावे होती.' शहराचा जन्म मात्र मी स्टेशनापासूनच धरणार. तुमचं खळं नेमकं कुठे होतं? रविवारी तिला घेऊन येतो.

आयरेगावचा:
या. खळ्यावर आता सात मजली इमारत आहे. विहीरही बुजवली, पण पार्किंगच्या कोपऱ्यात कठड्याचे दोन दगड अजून आहेत. दोराच्या खाचा दिसतात त्यांवर.