मदत हवी आहे : डिकॅफ कॉफीला घरी चव कशी आणावी?

नमस्कार. डॉक्टरांनी माझ्या आईला कॅफिन कमी करण्यास सांगितले आहे, पण तिची संध्याकाळची कॉफी सुटू नये असे मला मनापासून वाटते, म्हणून आम्ही जळगावला घरी डिकॅफ (म्हणजे कॅफिन काढलेली) कॉफी करू लागलो आहोत.

कॅफिन काढण्यासाठी कच्च्या बिया आधी पाण्याने किंवा वाफेने फुगवाव्या लागतात. त्यामुळे त्यांची रचना सैल होते आणि भाजल्यावर त्या नेहमीच्या कॉफीपेक्षा लवकर शिळ्या होतात, हे मला ठाऊक आहे. सध्या १५ ग्रॅम पूड आणि २५० मिली गरम पाणी फ्रेंच प्रेसमध्ये (जाळीचा दट्ट्या दाबून कॉफी गाळायच्या भांड्यात) ४ मिनिटे ठेवतो, तरी कॉफी पातळ आणि शेवटी कडवट लागते. आमचे बोअरचे पाणी जड आहे, तर आरओच्या पाण्यात चव आणखी फिकी पडते. दोन्ही मिसळावे का, आणि किती प्रमाणात? दळण जाडसर ठेवावे की बारीक? चिकोरीत (कॉफीत मिसळतात त्या भाजलेल्या मुळाच्या पुडीत) कॅफिन नसते, त्यामुळे दाटपणासाठी ती चालेल, पण ती कॉफीची मूळ चव झाकते, म्हणून तो उपाय मला शेवटचा ठेवायचा आहे.

इथल्या मे महिन्याच्या उन्हात पूड हवाबंद डब्यात बाहेर ठेवावी की फ्रीजरमध्ये? भुसावळ किंवा धुळ्याकडे ताज्या भाजलेल्या डिकॅफ बिया मिळत असल्यास तेही कृपया कळवावे.