संध्याकाळी हातांना काहीतरी करायला हवंय. विकत काही न आणता

चौथी_खिडकी

नमस्कार मंडळी,

माझं काम घरूनच चालतं. दिवसभर आकड्यांचे तक्ते तपासत असते. संध्याकाळी लॅपटॉप मिटला की डोळे शिणलेले असतात, पण हात चुळबुळत राहतात, कारण त्यांनी दिवसभर कळा दाबण्यापलीकडे काही केलेलंच नसतं. मग फोन हातात येतो. तास कसा जातो ते कळत नाही आणि उठताना मन आणखी मरगळलेलं असतं.

परवा उशीचा एक अभ्रा उसवला होता, तो शिवायला बसले. साधी धावदोऱ्याची शिवण. पण दोरा कापडातून ओढताना येणारा तो बारीक आवाज, टाका जवळजवळ पडला की वाटणारं समाधान, पुढचा टाका त्याच्याइतकाच घालायची ओढ... अभ्रा संपला तेव्हा अक्षरशः चुटपुट लागली. घरात आणखी काही उसवलंय का म्हणून कपाट धुंडाळलं!

असंच आणखी काहीतरी मला हवंय. क्लास लावायचा नाही, सामानाची यादी घेऊन बाहेर पडायचं नाही. केलेल्या गोष्टीचा फोटो काढून कुठे टाकायचा नाही. घरात जे आहे त्यातूनच, तासाभरात काही हाताशी लागेल असं.

नुसती नावं नका सुचवू, कृपया. तुम्ही स्वतः जे करता ते सांगा. हातात काय धरता, सुरुवात कुठून करता, त्यात नेमकं काय आवडतं, ते सगळं.

---

पानगळ

माझं अगदी छोटं आहे. पेन्सिल आणि पाठकोरा कागद घ्यायचा. समोर एखादी वस्तू ठेवायची: किल्ल्यांचा जुडगा, चष्मा, स्वतःचा डावा हात, काहीही. नजर वस्तूच्या कडेवरून मुंगीच्या वेगाने फिरवायची आणि त्याच वेगाने पेन्सिल चालवायची. कागदाकडे बघायचं नाही आणि पेन्सिल उचलायची नाही.

चित्र वेडंवाकडंच येतं, येऊ द्या. आपल्या अंगठ्याच्या पेरावर किती आडव्या रेषा आहेत हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं, ते या चित्रांमुळे कळलं. वेळ कमी असेल त्या दिवशी हे बरं पडतं.

---

जुना_बाइंडर

ताई, अभ्र्याचं वाचलं आणि लिहायला बसलो. सुई-दोऱ्यात मन रमतंय, तर वह्या बांधायला घ्या.

माझी नोकरी छापखान्यात, बाइंडिंगच्या टेबलावर गेली. तिथे फर्मे, म्हणजे छापून आलेले मोठे कागद, दुमडायचे, शिवायचे, पुठ्ठा चढवायचा आणि पुढचा गठ्ठा ओढायचा. काम चांगलं होतं, पण एका वहीकडे निवांत बघायला वेळ नसायचा. आता घरी एका वेळी एकच वही बांधतो, आणि मला वाटतं या कामातला खरा आनंद आता कुठे मिळतोय.

तुमच्याकडे एका बाजूने छापलेले कागद असणारच. तेवढे पुरे. आपल्याला वाटतं की पाठकोऱ्या कागदाची वही म्हणजे एक पान कोरं आणि एक पान भरलेलं. पण चीन-जपानमध्ये शेकडो वर्षं पुस्तकं अशी बांधली गेली की ही अडचणच उरत नाही. त्यांचा कागद पातळ, म्हणून ठशाने एकाच बाजूला छापायचे. मग छापलेली बाजू बाहेर ठेवून कागद मधोमध दुमडायचा, म्हणजे कोरी बाजू घडीच्या आत लपते. मोकळ्या कडा शिवणीकडे आणि घडी बाहेरच्या कडेला, जिथे आपण पान उलटताना बोट लावतो तिथे. आपण नेमकं उलटं करायचं: छापील बाजू आत दुमडायची. सगळी पानं दोन्हीकडून कोरी करकरीत!

वीस-पंचवीस कागद घ्या. ए-फोर कागद २९७ बाय २१० मिलिमीटरचा असतो. लांबीत मधोमध दुमडला की ए-फाइव्ह होतो, आणि गंमत अशी की लांबी-रुंदीचं प्रमाण तेच राहतं. या मापांची रचनाच तशी आहे, लांबी रुंदीच्या साधारण १.४१४ पट. आणखी एकदा दुमडा, तरी तेच. म्हणून या कागदाची वही लहान करा की मोठी, अंगाने बेडौल दिसत नाही.

आता घडी. इथे घाई करू नका, कारण सगळं सुख इथेच आहे. यंत्रावर बनलेल्या कागदातले तंतू बहुतेक एका दिशेने झोपलेले असतात. त्या दिशेने दुमडला तर कागद सहज वळतो, आडवा दुमडला तर कुरकुरतो. एका रद्दी कागदाला उभं फाडून बघा आणि मग आडवं फाडून बघा. एकीकडे फाटण्याची रेघ बरीचशी सरळ जाईल, दुसरीकडे भरकटेल. ए-फोरमध्ये तंतू सहसा लांबीच्या दिशेने असतात, म्हणून आपली घडी त्यांच्या आडवी पडते. तेव्हा कोपऱ्याला कोपरा जुळवा, मध्यभागी अंगठ्याने दाबून घडी बसवा, तिथून दोन्ही बाजूंना हात न्या आणि मग चमच्याची पाठ जोर देऊन फिरवा. कागद आधी किंचित विरोध करतो आणि मग एकदम नमतं घेतो. तो क्षण बोटांना कळतो. मी इतके कागद दुमडले, तरी अजून त्या क्षणाची वाट बघतो.

गठ्ठा ठोकून सारखा करा. वर-खाली जाड कागदाचं किंवा जुन्या कॅलेंडरच्या पानाचं कव्हर ठेवा. दोन चिमटे लावा. मोकळ्या कडेपासून एक सेंटिमीटर आत पेन्सिलीने रेघ मारा आणि तिच्यावर चार खुणा करा: दोन टोकांजवळ, दोन मध्ये, सारख्या अंतरावर. टोचा नसेल तर जाड दाभण चालेल. खाली जुना पुठ्ठा घ्या आणि दाभण सरळ उभं धरून टोचा. तिरपं गेलं तर मागच्या बाजूला भोकं रेघ सोडतात.

दोरा सुती आणि मजबूत घ्या. मेणबत्तीच्या अंगावरून दोन-तीनदा ओढलात की मेण धरतो, गुंतत नाही आणि भोकात घट्ट बसतो. लांबी वहीच्या उंचीच्या पाच-सहा पट ठेवा.

शिवणीचा मार्ग असा. दुसऱ्या भोकातून मागून पुढे या, मागे थोडं टोक सोडा. दोरा कण्याभोवती, म्हणजे वहीच्या शिवणीकडच्या कडेभोवती, गुंडाळून त्याच भोकातून पुन्हा वर या. मग पुढून पहिल्या भोकाकडे जा, खाली उतरा, कण्याला एक वेढा घाला, वहीच्या माथ्याला एक वेढा घाला. मागच्या बाजूने दुसऱ्या भोकात परत या आणि वर निघा. आता तिसऱ्याकडे: खाली, कण्याला वेढा. मागून चौथ्यात: वर, कण्याला वेढा, पायथ्याला वेढा. पुढून तिसऱ्यात उतरा आणि मागून दुसऱ्यापाशी या. सोडलेलं टोक तिथे वाट बघत असेल, त्याच्याशी गाठ मारा. प्रत्येक भोकातून दोरा बरोबर तीनदा गेला असेल आणि कण्यावर एकही रिकामी जागा दिसणार नाही. कुठे रिकामं दिसलं, तर तिथला फेरा राहिला असं समजा.

वाचताना किचकट वाटेल. हातात घेतलंत की दोराच पुढची वाट सांगतो, कारण जिथे रेघ नाही तिथेच जायचं असतं.

---

अंधारखोली

जुन्या बाइंडरकाका, तुमचं उत्तर प्रिंट काढून ठेवतोय. पाठकोऱ्या कागदावरच!

माझी गोष्ट संध्याकाळी जमणार नाही, सुट्टीच्या दिवशी भर उन्हात करावी लागते. एका खोलीची खिडकी पुठ्ठ्याने आणि जाड चादरीने पूर्ण झाकायची. दाराच्या फटीतही कापड कोंबायचं. मग पुठ्ठ्याला नखाएवढं एकच गोल भोक पाडायचं आणि आत शांत बसायचं. पहिली काही मिनिटं काही दिसत नाही. डोळे अंधाराला सरावले की समोरच्या भिंतीवर बाहेरचं जग उलटं उमटतं: आभाळ खाली, झाडं वर, रस्त्यावरून जाणारा माणूस डोकं खाली करून उलट दिशेने चालतोय. रंगासकट आणि हलतं.

प्रकाश सरळ रेषेत जातो, म्हणून वरचा किरण भोकातून खाली पोचतो आणि खालचा वर, एवढंच कारण आहे. अकराव्या शतकात इब्न अल-हैथम यांनी अशा छिद्रातून पडणाऱ्या प्रतिमांचा नीट अभ्यास केला होता. भोक लहान केलं तर चित्र रेखीव पण मंद होतं, मोठं केलं तर उजळ पण धूसर. पांढरा कागद भोकाच्या जवळ धरला तर छोटं आणि उजळ चित्र हातातच मिळतं. माझी मुलगी तो कागद घेऊन खोलीभर फिरते आणि झाडाला "पकडते". कधी कधी आम्ही भिंतीवर कागद चिकटवून त्या चित्राच्या रेषा पेन्सिलीने गिरवतो.

एकच काळजी घ्या: भोकाला डोळा लावून सूर्याकडे बघू नका, मुलांनाही बघू देऊ नका.

यानंतर झाडाखालचे उन्हाचे गोल कवडसे बघा. पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या, तरी कवडसे गोल, कारण प्रत्येक कवडसा सूर्याची प्रतिमा असतो. खंडग्रास सूर्यग्रहणात ते सगळे कोरीसारखे होतात.

---

चौथी_खिडकी

इतकं मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खूप आभार.

काका, काल संध्याकाळी बसले. घडीपाशीच तास गेला आणि त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही. उभं-आडवं फाडून पाहिलं, फरक खरंच लगेच कळतो. दोन शंका आहेत. एक, आतली छपाई पुसटशी दिसते, त्याला काही उपाय? दुसरी, वही सपाट उघडी राहत नाही, आपोआप मिटते. माझं काही चुकतंय का?

---

सूरपेला

मध्येच बोलतो, कारण हातांबरोबर कानांचाही विचार व्हावा असं मला फार वाटतं.

काचेचे चार-पाच सारखे पेले घ्या, त्यांत कमी-जास्त पाणी भरा आणि पेन्सिलीने हलकेच वाजवा. जास्त पाण्याचा पेला खालचा सूर देतो, कारण थरथरणाऱ्या काचेला पाण्याचं वजन वाहावं लागतं. आता अरुंद तोंडाची बाटली घ्या आणि तिच्या तोंडावरून फुंकर घाला. तिथे उलटं! पाणी वाढवलं की सूर चढतो, कारण इथे आतली हवा थरथरते आणि पाण्याने तिची जागा कमी केलेली असते. एकच बाटली आधी वाजवून आणि मग फुंकून बघा. घरी आलेल्या प्रत्येकाला मी हे करायला लावतो आणि प्रत्येकाचा चेहरा उजळतो.

पातळ काचेचा, देठाचा पेला असेल तर बोट ओलं करून कडेवरून सावकाश फिरवा. बोट किंचित अडखळत सरकलं पाहिजे, तेलकट असेल तर पेला गप्प राहतो. आधी हात साबणाने स्वच्छ धुवा. याच तत्त्वावर बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७६१ मध्ये काचेच्या वाडग्यांचं एक वाद्य बनवलं. वाडगे एका दांड्यावर ओवलेले, पायाने फिरवायचे आणि ओली बोटं कडांना लावायची. मोझार्टने त्या वाद्यासाठी रचना केल्या आहेत.

मी संध्याकाळी सूर लावत बसतो, चमच्याचमच्याने पाणी वाढवत. शेवटी तर थेंबाथेंबाने. दोन पेले अगदी जवळच्या सुरात आले की आवाज लाटेसारखा वर-खाली होतो, आणि पूर्ण जुळले की ती लाट थांबते. तिथपर्यंत पोचायला कधी सगळी संध्याकाळ जाते.

---

जुना_बाइंडर

ताई, काही चुकत नाहीये. या शिवणीची वही सपाट उघडतच नाही, ती तिची प्रकृती आहे. थोडी सैल मात्र करता येते. पुढच्या वेळी कव्हर चढवण्याआधी शिवणीच्या रेघेच्या लगेच पुढे पट्टी ठेवा आणि चमच्याच्या टोकाने उभी खाच पाडा. तिथून कव्हर वाकेल आणि पानांवर ओढ कमी येईल. कागदही वीसच्या आत ठेवा.

छपाई दिसते, त्याला उपाय सोपा आहे. घडीची पिशवीच असते ना, तिच्यात आणखी एक कागद सरकवा. रंगीत सरकवलात तर पानाला आतून हलकी झाक येते. मी जुन्या पाकिटांचे आतले निळे नक्षीचे कागद यासाठी जपून ठेवतो. फार छान दिसतात.

तुम्हाला सपाट उघडणारी वहीच हवी असेल तर ती घडीतून शिवतात. त्याला दोन्हीकडून कोरा कागद लागतो आणि तीनच भोकं पुरतात. सगळे कागद एकात एक घालून घडीवर भोकं पाडा. मधल्या भोकातून आतून बाहेर जा, वरच्यातून आत या, मधलं ओलांडून खालच्यातून बाहेर पडा आणि मधल्यातून परत आत या. दोन टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना ठेवा आणि त्याच्यावर गाठ बांधा, म्हणजे तो टाका सैल पडत नाही. अभ्रा शिवायला लागला त्याहून कमी वेळात होईल.