सुपर कमांडो ध्रुवला खरंच शक्ती आहेत का?

महालकर: भाऊ, सीताबर्डीच्या फुटपाथवर राज कॉमिक्सचा गठ्ठा मिळाला. ध्रुव पाखरांशी बोलतो, पाण्याखाली श्वास घेतो. मग त्याला बिनशक्तीचा नायक काहून म्हणतात?

जुनी पानं: कारण जन्मजात शक्ती एकही नाही. अनुपम सिन्हांनी 1987 मध्ये 'प्रतिशोध की ज्वाला'त त्याला आणलं. आईवडील श्याम आणि राधा, ज्युपिटर सर्कशीतले झुल्याचे कलावंत. ग्लोब सर्कसवाल्यांनी लावलेल्या आगीत सगळं जळालं, पोलीस अधिकारी राजन मेहरांनी त्याला दत्तक घेतलं. झुला, मोटारसायकल, प्राण्यांची भाषा, सगळी सर्कशीची कमाई. पोशाखही तिथलाच, आणि तोंडावर मुखवटा नाही. पाण्याखालचा श्वास तेवढा समुद्राखालच्या स्वर्णनगरीतल्या धनंजयकडून नंतर मिळालेला.

धरमपेठी: यात एक भर. प्राण्यांवर त्याचा ताबा चालत नाही. तो विनंती करतो, आणि जवळपास प्राणीच नसेल तर काही उपयोग नाही. स्टारलाइन या त्याच्या दोराचंही तसंच. दोर अडकवायला उंच आधार लागतो, कस्तूरचंद पार्कसारख्या मोकळ्या मैदानात ती निकामी. तिथं कामी येतात बुटातले स्केट्स आणि स्टारब्लेड, म्हणजे फेकायची पाती. खरा ध्रुव दिसतो तो विज्ञानात: समोरच्याची शक्ती कोणत्या नियमावर चालते ते ओळखायचं आणि हाताशी असलेल्या वस्तूनं तोच नियम उलटवायचा. मारामारीची पानं भराभर उलटू नका जी, युक्ती तिथंच असते.

महालकर: समजलं. मग 'प्रतिशोध'पासूनच सुरू करतो.