पीएसएम म्हणजे नक्की कसली डिग्री? (भाच्यासाठी विचारतेय)

माधुरी:

नमस्कार मंडळी,

पाडव्याच्या श्रीखंडाच्या मेलमध्येच विचारणार होते पण मग कमिटी ओरडेल म्हणून वेगळी मेल टाकतेय. माझा भाचा नाशिकला असतो, पुणे विद्यापीठातून मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. झालाय, त्याला इकडच्या, म्हणजे अमेरिकेतल्या एका युनिव्हर्सिटीची ॲडमिशन आलीय आणि लेटरवर लिहिलंय प्रोफेशनल सायन्स मास्टर्स, म्हणजेच पीएसएम. वहिनी काल फोनवर विचारत होती, "अगं, प्रोफेशनल म्हणजे काय, आयटीआयसारखं काही आहे का?" मला धड सांगता येईना. थिसिस नाही, सायन्सचे विषय आहेत, त्यातच अकाउंटिंग आहे, प्रोजेक्ट मॅनेजमेंट आहे, आणि उन्हाळ्यात इंटर्नशिप. स्टायपेंड शून्य. दादा घर तारण ठेवून लोन काढायचं म्हणतोय आणि डिपॉझिट १ एप्रिलच्या आत भरायचंय. कुणी केलीय का ही डिग्री? खरं खरं सांगा, गोड बोलायला पाडवा आहेच.

माधुरी

श्रीकांतकाका:

माधुरी,

आमच्या वेळी सायन्समध्ये मास्टर्स म्हणजे पीएचडीच्या क्वालिफायिंग परीक्षेत गचकलेल्याच्या हातावर ठेवलेला सांत्वनाचा पेढा. मी १९८३ ला केमिस्ट्रीत आलो तेव्हा खिशात फार काही नव्हतं, पण ट्यूशन माफ होती आणि टीएशिप होती, म्हणजे मुलांना शिकवायचं आणि पगार घ्यायचा. सायन्स शिकायला पैसे भरायचे नसतात, घ्यायचे असतात. मुलगा हुशार असेल तर पीएचडीला अर्ज करू दे, आणि अकाउंटिंगच शिकायचं असेल तर एमबीए करू दे. हे म्हणजे ना धड इकडचं ना धड तिकडचं. घर तारण ठेवून तर मुळीच नको.

काका

अनघा:

माधुरीताई, काका, सगळ्यांना नमस्कार,

मी हीच डिग्री केलीय, बायोटेकमध्ये, २०१३ ला संपवली, त्यामुळे जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

काका, पेढ्याचं अगदी खरंय आणि खरं तर ही डिग्री निघाली त्याच कारणाने. इंजिनिअरिंगवाला मास्टर्स करतो आणि सरळ नोकरीला लागतो, सायन्सवाल्याने मात्र एकतर पाच-सहा वर्षं पीएचडी करायची नाहीतर मधल्या स्टेशनवर उतरलेला म्हणून तोंड लपवायचं, हे कशासाठी, असं १९९७ मध्ये स्लोन फाउंडेशनने (जनरल मोटर्सचे आल्फ्रेड स्लोन, त्यांचंच) विचारलं आणि युनिव्हर्सिट्यांना असले कोर्स काढायला पैसे दिले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात क्लेअरमाँटला केक ग्रॅज्युएट इन्स्टिट्यूट उभं राहिलं, केक फाउंडेशनच्या ५ कोटी डॉलरवर, ते तर बायोसायन्सच्या नोकऱ्यांसाठी माणसं तयार करायची म्हणूनच. मग २००८ ला नॅशनल रिसर्च कौन्सिलचा रिपोर्ट आला की असे मास्टर्स वाढवा, आणि २००९ च्या स्टिम्युलसमध्ये (मंदीतून सावरायचं सरकारी पॅकेज) एनएसएफला, म्हणजे नॅशनल सायन्स फाउंडेशनला, त्यासाठी दीड कोटी डॉलर मिळाले. थोडक्यात वहिनींना सांगा आयटीआय नाही, आणि कुठल्यातरी गल्लीतलं दुकानही नाही. आपल्या शेजारचं रटगर्स याला मास्टर ऑफ बिझनेस अँड सायन्स म्हणतं, नॉर्थ कॅरोलिना स्टेटमध्ये मायक्रोबियल बायोटेक्नॉलॉजीचं आहे, ह्युस्टनला राइसमध्ये पर्यावरण आणि जिओसायन्सचं. नावं वेगवेगळी असतात, सर्टिफिकेटवर काय छापून येणार ते विचारून घ्यायचं. पीएसएम म्हणवून घ्यायचं तर निम्म्याहून जास्त अभ्यास सायन्स किंवा मॅथ्सचा हवा, बाकी बिझनेस, रेग्युलेटरी (सरकारी नियम-मंजुऱ्या), कम्युनिकेशन असलं काहीतरी, थिसिसच्या जागी इंटर्नशिप किंवा कंपनीचा खरा प्रोजेक्ट, आणि नोकरी देणाऱ्या लोकांचं एक सल्लागार मंडळ. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढे येतंय.

आता ते अकाउंटिंग कशाला, हा काकांचा मुद्दा. मला पण तेव्हा असंच वाटलं होतं. माझी इंटर्नशिप एका बायोलॉजिक्सच्या (जिवंत पेशींपासून बनवलेली औषधं) प्लांटमध्ये होती. पहिल्या आठवड्यात गाऊनिंगची परीक्षा, म्हणजे क्लीनरूममध्ये जायचे कपडे कशालाही हात न लावता घालायचे, मग हातमोज्यांच्या बोटांवर, छातीवर, हूडच्या (डोक्यावरच्या टोपडीच्या) कपाळावर छोट्या अगार प्लेट्स (ज्यावर जंतू वाढतात) दाबतात आणि इन्क्युबेटरमध्ये ठेवतात. ट्रेनर बाईने आधी टिकली आणि काजळ काढायला लावलं. मी मनात म्हटलं, बाई गं, मी पाच वर्षं प्लेट्स स्ट्रीक केल्यात, मला काय शिकवतेस. चार दिवसांनी निकाल आला, बोटं स्वच्छ, छाती स्वच्छ, कपाळावर ३ कॉलनी, म्हणजे जंतूंचे ठिपके. नापास. कशामुळे हे मला दोन दिवसांनी आरशासमोर कळलं, टिकली जागेवर आहे का हे चाचपायला माझा हात दिवसातून दहादा कपाळाकडे जातो, तो हूडवरूनही गेला असणार! एम.एस्सी.च्या लॅबमध्ये मला कुणी या नजरेने कधी बघितलंच नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात एका शनिवारी रात्री कोल्ड रूमचं टेंपरेचर २ ते ८ च्या वर गेलं, ९.४ पर्यंत, चाळीसएक मिनिटं. आत बफर (प्रक्रियेत लागणारी द्रावणं) आणि काही इंटरमीजिएट (अर्धवट तयार औषध) ठेवलेलं. सोमवारी मॅनेजरने मला बसवलं आणि म्हणाला, डेव्हिएशनचा (ठरल्यापेक्षा वेगळं घडलं त्याच्या रिपोर्टचा) पहिला ड्राफ्ट तू लिही, एक पान, काय झालं, प्रॉडक्टला काय होऊ शकतं, कशावरून म्हणतेस, आणि फेकायचं की ठेवायचं. फेकलं तर किती डॉलरला पडतं ते मला फायनान्सच्या माणसाकडून आणायचं होतं, स्टेबिलिटीचा (माल किती टिकतो त्याचा) डेटा क्यूसीकडून, म्हणजे क्वालिटी कंट्रोलकडून, कोल्ड रूमचं दार कुणी उघडं ठेवलं ते सिक्युरिटीच्या लॉगमधून, आणि हे सगळं उद्या एफडीएचा (इथलं सरकारी औषध खातं) इन्स्पेक्टर वाचेल असं समजून. प्रोटीन ९ डिग्रीला किती वेळ टिकतं हे सायन्स मला येत होतं. ते एका पानात अशा माणसाला सांगायचं ज्याला प्रोटीनशी देणंघेणं नाही, हे येत नव्हतं. चार ड्राफ्ट झाले. काका, एमबीएवाल्याला हे पान लिहिता आलं नसतं आणि माझ्या पुण्यातल्या एम.एस्सी.वर मलाही नाही. ना धड इकडचं ना धड तिकडचं माणूसच तिथे लागतं हो.

हे झालं कौतुक. आता माधुरीताई म्हणाल्यात ना गोड बोलू नका, तर ऐका. माझ्या प्रोग्रॅमच्या ब्रोशरवर (नाव घेत नाही) १४ कंपन्यांचे लोगो होते. आत गेल्यावर कळलं की ते सल्लागार मंडळ दोन वर्षांत एकदाही बसलेलं नाही, त्यातले दोघं तर कधीच रिटायर झालेले. आम्ही १९ जण होतो, त्यातल्या सहा जणांना कंपनीत इंटर्नशिप मिळालीच नाही, मग डिपार्टमेंटच्याच एका प्रोफेसरने त्यांना "व्हर्च्युअल कन्सल्टिंग प्रोजेक्ट" दिला, पॉवरपॉइंट केलं आणि क्रेडिट मिळालं. फी तेवढीच. मला जी मिळाली ती पण ब्रोशरमुळे नाही, आपल्या कोजागिरीला मसाला दुधाच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या एका काकूंच्या मिस्टरांमुळे. इंटर्नशिप झालीच नसती तर ही डिग्री म्हणजे महागडे नाइट क्लासेस.

म्हणून भाच्याला सांगा डिपॉझिट भरायच्या आधी डायरेक्टरला मेल टाक आणि सरळ विचार की मागच्या उन्हाळ्यात तुमच्या किती मुलांनी इंटर्नशिप केली, कुठल्या कंपन्यांत, त्यातल्या पगारी किती, आणि इंटरनॅशनल मुलांच्या किती, कारण हा शेवटचा आकडा वेगळा असतो आणि आपण होऊन कुणी सांगत नाही. सल्लागार मंडळ शेवटचं कधी बसलं तेही विचार. आणि मागच्या बॅचच्या एका मुलाशी बोलायला मागायचं, त्यांनी निवडून दिलेल्या नाही, आपण लिंक्डइनवर शोधलेल्या.

अनघा

कमिटी:

सर्वांना विनंती, अमृतखंडाची ऑर्डर या मेलमध्ये रिप्लाय म्हणून टाकू नये, आत्तापर्यंत तिघांनी टाकलीय. श्रीखंडाचा गूगल फॉर्म वेगळा आहे. चर्चा उत्तम चाललीय, चालू द्या.

निखिल:

हाय ऑल,

अनघाताईंनी सगळं लिहिलंच आहे, मी फक्त व्हिसाची बाजू सांगतो कारण त्यात मी स्वतः धडपडलोय. या डिग्रीत इंटर्नशिप कोर्सचाच भाग असते त्यामुळे ती सीपीटीवर (शिकतानाच काम करायची स्टुडंट व्हिसावरची परवानगी) होते, साधारणपणे एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झाल्यावर. पण फुल टाइम सीपीटी १२ महिने किंवा जास्त झाली की त्या लेव्हलची ओपीटी (डिग्रीनंतर काम करायची परवानगी) गेली, म्हणून एक समर ठीक आहे, "अजून सहा महिने थांब" म्हणणाऱ्या कंपनीच्या नादी लागून मोजायचं विसरू नको. नंतर ओपीटी १२ महिने, आणि डिग्री स्टेम (सायन्स, टेक्नॉलॉजी, इंजिनिअरिंग, मॅथ्स) असेल तर अजून २४ (आधी १७ होते, २०१६ ला वाढले). गंमत इथे आहे. या डिग्र्या अर्ध्या सायन्स अर्ध्या बिझनेस, तर कॉलेजने त्या कुठल्या सीआयपी कोडखाली (अभ्यासक्रमाचा सरकारी नंबर) टाकल्यात ते आय-२० वर (व्हिसासाठी कॉलेज देतं तो कागद) छापलेलं असतं, तो कोड स्टेमच्या यादीत नसेल तर २४ महिने विसरा, नावात सायन्स असून काही फरक पडत नाही. हे डिपॉझिटच्या आधी विचारायचं. ओपीटीत नोकरीशिवाय फक्त ९० दिवस चालतात हेही दादांना सांगा, लोनचा हप्ता त्या हिशोबाने बघा. आणि एच-१बी च्या, म्हणजे लॉटरीने मिळणाऱ्या नोकरीच्या व्हिसाच्या, मास्टर्स कोट्यात (इथल्या मास्टर्सवाल्यांसाठीचे ते २०,०००) यायचं तर कॉलेज सरकारी किंवा नॉन-प्रॉफिट लागतं, फॉर-प्रॉफिट चालत नाही. लॉटरी लागेल हे गृहीत धरून घर तारण ठेवू नका एवढंच म्हणेन, तिचे नियम तर हल्ली सारखे बदलतायत.

अजून एक, १५ एप्रिलपर्यंत विचार करायला वेळ देतात असं पीएचडीवाले मित्र सांगतील, तो करार ज्यांना फंडिंगची ऑफर आहे त्यांच्यासाठी आहे. स्वतः पैसे भरणाऱ्याला कॉलेज १ एप्रिल पण सांगू शकतं. मुदत वाढवून मागायला मात्र काही जात नाही, मला दोन आठवडे मिळाले होते.

निखिल

पराग:

मी माणसं घेतो म्हणून दोन ओळी. पीएसएम हा शब्द मी रेझ्युमेत शोधत नाही, माझ्या निम्म्या सहकाऱ्यांना तो माहीतही नाही. मी बघतो तीन महिने कुठे बसला होता आणि तिथे हातात काय आलं. एका मुलीला विचारलं इंटर्नशिपमध्ये काय केलंस तर म्हणाली एनडीए (गुप्ततेचा करार) आहे, सांगता येत नाही, आणि गप्प! अगं, कंपनीचं गुपित नको सांगूस पण मेथड व्हॅलिडेट केलीस (तपासायची पद्धत बरोबर चालते हे सिद्ध केलंस), किती सॅंपल चालवलेस, कुठे अडलं, हे तर सांगशील? क्वालिटी, रेग्युलेटरी, क्लिनिकल ऑपरेशन्स, तिथे मला पीएचडी नकोच असतो, तो सहा महिन्यांत कंटाळतो. पण रिसर्चमध्ये ग्रुप लीड व्हायचं स्वप्न असेल तर आठ-दहा वर्षांनी पीएचडीची भिंत आडवी येतेच, तेव्हा काका बरोबर निघतात.

आणि एक गोष्ट कुणीच बोललं नाही. मुलाची एम.एस्सी. झालेली आहे ना? मग हा दुसरा मास्टर्स. सायन्सचा अर्धा भाग त्याने शिकलेलाच असणार, त्याच्यासाठी डॉलरमध्ये फी कशाला? काही क्रेडिट माफ होतात का, किंवा त्याच्याऐवजी बायोस्टॅट (बायॉलॉजीतलं स्टॅटिस्टिक्स), डेटा असलं काही घेता येतं का ते विचारायला सांगा. आणि नाशिक-पुणे पट्ट्यात दोन वर्षं क्यूसीत काम करून मग आला तर इथे इंटर्नशिप मिळायलाही सोपं जाईल, हे माझं मत, पटलं तर घ्या.

पराग

श्रीकांतकाका:

अनघा, तुझं एका पानाचं वाचलं. आमच्या कंपनीत ते पान मी लिहायचो आणि माझा बॉस लाल पेनने निम्मं खोडायचा, तेही सहा वर्षं पीएचडी करून आल्यावर. पेढ्याचं मागे घेतो. घराचं घेत नाही.

काका

माधुरी:

मंडळी,

सगळ्यांचे आभार, वहिनीला पूर्ण मेल मोठ्याने वाचून दाखवला, टिकलीपाशी ती इतकी हसली की दादा स्वयंपाकघरातून बाहेर आला.

भाच्याने डायरेक्टरला मेल टाकली. तीन दिवसांनी उत्तर आलं, अगदी सभ्य. मागच्या समरला २२ पैकी १७ जणांना इंटर्नशिप, कंपन्यांची नावं दिलीत. इंटरनॅशनल किती हे दिलं नाही, म्हणून त्याने परत विचारलं, तर ८ पैकी ४. कोड स्टेमचा आहे, ते आंतरराष्ट्रीय ऑफिसने लिहून दिलं. क्रेडिट माफ होणार नाहीत पण दोन विषय बदलून मिळतील. लिंक्डइनवर एक नागपूरचा मुलगा सापडला, तो त्या चारातला, म्हणजे न मिळालेल्या चारातला, त्याच्याशी भाचा तासभर बोलला आणि मग दोन दिवस घरात कुणाशीच बोलला नाही म्हणे.

आता ठरलंय असं की सीट पुढच्या वर्षावर ढकलता येते का ते विचारलंय, डिपॉझिट अर्धं मागतायत त्यासाठी. तोवर अंबड एमआयडीसीत एका औषधाच्या कंपनीत क्यूसीची मुलाखत आहे, येत्या गुरुवारी. दादाने बँकेची फाइल कपाटात ठेवलीय, फाडलेली नाही. पराग, गुरुवारच्या आधी त्याला दहा मिनिटं फोन कराल का, त्याचा नंबर तुम्हाला वेगळा पाठवते.

आणि कमिटी, फॉर्म उघडत नाहीये, माझे अमृतखंडाचे दोन डबे इथेच धरा.

माधुरी