बाळ पितापिता झोपतं, उठतच नाही. मदत हवी आहे

निशिगंधा
कमी दिवसांचं बाळ आहे. पाजायला घेतलं की दोन मिनिटं ओढतं आणि झोपतं. तळपाय चोळले, कानामागे ओला बोळा फिरवला, कपडे काढले. डोळे किलकिले करतं, परत गप्प. एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) आधी नळीने, मग वाटी-चमच्याने दूध जायचं. घरी सोडताना सिस्टर म्हणाल्या, आता अंगावरच पाजा. आई म्हणते भूक लागली की उठेल, झोपू दे. सासूबाईंचा फोनवरून पावडरचा धोशा. मला दूध भरपूर आहे, ब्लाउज भिजतायत. झोपेतून नीट जागं कसं करायचं एवढंच हवंय. सोमवारी डॉक्टरांकडे जायचंच आहे, तेव्हा 'डॉक्टरांना दाखवा' कृपया नको.

पाणकोंबडी
कितव्या आठवड्यात जन्मलं? आता किती दिवसांचं? वजन? शू किती वेळा? यातलं काहीच लिहिलं नाहीस.

माई_सांगलीकर
अगं, कमी दिवसांची बाळं झोपाळूच असतात. तू अळिवाची खीर खा, डिंकाचे लाडू, शतावरी कल्प दुधातून. बाळाला गुटी सुरू कर, एकेक वळसा. अंगाला तेल लावून शेक दे. आमच्याकडे सगळी अशीच वाढली.

निवृत्त_सिस्टर
माई, राग मानू नका, पण गुटी अजिबात नको. सहा महिने आईचं दूध आणि डॉक्टरांनी लिहून दिलेले थेंब, बस. मध तर वर्षभर नाही. आणि अळीव कशाला? ती म्हणतेय दूध भरपूर आहे.
निशिगंधा, ओला बोळा आधी बंद. एवढंसं बाळ गार पडलं की अंग गरम ठेवण्यातच त्याची ताकद जाते, मग प्यायला उरत नाही. पाणकोंबडीच्या प्रश्नांची उत्तरं दे, मग पुढचं सांगते.

निशिगंधा
३४ आठवडे. जन्माचं वजन १९५० ग्रॅम. शूचं कळत नाही, डायपर असतो. भरल्यासारखा वाटतो.

गोधडीवाली
डायपर काढ! सुती लंगोट घाल, मोजता येईल. आमच्या आईने जुन्या साड्यांचे शिवले होते.

दोनचाकी
रात्री बारा लंगोट कोण बदलणार? तिला झोप नको का? डायपरच्या आत कापसाचा पातळ थर ठेवा, ओला झाला की कळतो.

गोधडीवाली
आमच्या पिढीने बदललेच की. पुरळ उठल्यावर मग धावाल.

पाणकोंबडी
लंगोटाचा वाद दुसरीकडे घाला. निशिगंधा, आजचं वजन किती?

एडिसनकर
आमचंही ३४ आठवड्यांचं होतं. इथे अमेरिकेत लॅक्टेशन कन्सल्टंटने (स्तनपान शिकवणाऱ्या बाईंनी) निपल शील्ड, म्हणजे स्तनाग्रावर लावायची मऊ टोपी दिली, त्याने पकड टिकली. आणि डबल इलेक्ट्रिक पंप लगेच घ्या, त्याशिवाय पर्याय नाही.

निवृत्त_सिस्टर
पर्याय आहे. हाताने पिळून आमच्या वॉर्डात बायका वाटी भरायच्या. पंप मिळाला तर उत्तमच, पण नाही म्हणून अडत नाही. शील्ड मापाची नसेल तर दूधच कमी उतरतं, ती कोणी तरी शेजारी बसून लावायला शिकवावी लागते.

एडिसनकर
दिवसातून आठ वेळा हाताने काढून बघा आणि मग सांगा.

निवृत्त_सिस्टर
बाई, तीस वर्षं तेच शिकवलंय.
असो. बाळ आळशी नाही. ओढणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ ३४ आठवड्यांच्या आसपास कुठे बसायला लागतो. ते दमतं, म्हणून झोपतं. भुकेने उठेल याची वाट बघायची नाही, पूर्ण दिवसांचं बाळ रडून मागतं, हे मागत नाही. दर दोन-तीन तासांनी आपण घ्यायचं, रात्रीही, चोवीस तासांत आठ ते बारा वेळा.
घेण्याआधी अर्धा तास छातीशी उघड्या अंगाने धर, फक्त लंगोट नि टोपी, वरून शाल. तशातच चुळबुळ करेल, जीभ बाहेर काढेल, हात तोंडाकडे नेईल. ती वेळ पकडायची. ओढणं थांबलं की स्तन हलकेच दाबून धर, दूध तोंडात येतं आणि परत गिळायला लागतं. गिळल्याचा आवाज ऐक. नुसतं तोंड हलतंय, त्याला पिणं म्हणायचं नाही. अर्ध्या तासापलीकडे ताणू नको. मग काढलेलं दूध वाटी-चमच्याने पाज आणि पुढच्या खेपेसाठी लगेच काढून ठेव.

दोनचाकी
असं छातीशी उघड्या अंगाने धरणं म्हणजेच कांगारू. बायकोच्या वेळी रात्रीचा कांगारू मी करायचो. बापाच्या छातीवर पण चालतं. ही पद्धत कोलंबियातल्या बोगोटातली, सत्तरच्या दशकाच्या अखेरीची, इनक्युबेटर कमी पडत होते म्हणून निघाली. नवरा कुठे आहे?

निशिगंधा
नवरा पुण्यात, मी माहेरी, कराडजवळच्या गावात. वजन घरी आल्यापासून केलेलं नाही. काटा कुठून आणू?

वाचनवेडा
मुंबईत सायन रुग्णालयात १९८९ पासून मानवी दुधाची बँक आहे, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केलेली, आशियातली पहिली. चौकशी करून पाहा.

निशिगंधा
अहो, दूध आहे! ओढत नाही!!

पाणकोंबडी
गावात आशाताई असतील ना? नवजात बाळ बघायला घरी येणं त्यांचं कामच आहे, पिशवीत वजनकाटा आणि थर्मामीटर असतो. तू माहेरी आलीस हे त्यांना कळलंच नसेल. आजच फोन कर.

माई_सांगलीकर
बारसं झालं का? सव्वा महिना कोणाला भेटू देऊ नकोस बरं.

निशिगंधा
आशाताई येऊन गेल्या, आईच्या ओळखीच्याच निघाल्या. १८६० भरलं. डिस्चार्जला १९०० होतं. त्या म्हणाल्या डोळे पिवळे दिसतायत. ते मला आधीही वाटलं होतं, पण कावीळ तर कमी दिवसांच्या सगळ्याच बाळांना होते ना? कालपासून शू पाचेक वेळा.

निवृत्त_सिस्टर
हे पहिल्याच ओळीत हवं होतं. काविळीने बाळ आणखी सुस्तावतं, सुस्त बाळ पीत नाही, पीत नाही म्हणून कावीळ उतरत नाही. वजन वाढायच्या ऐवजी घटलंय. सहापेक्षा कमी शू. सोमवार विसर, आत्ता निघा. वाटेत बाळाला छातीशी बांध. हाक मारून, हलवून जागंच झालं नाही, हातपाय गार पडले, श्वासाला धाप लागली तर १०८ लावा.

एडिसनकर
सिस्टरना पूर्ण अनुमोदन. थांबू नका.

गोधडीवाली
कोवळ्या उन्हात धरलं की पिवळेपणा जातो, आम्ही तेच

पाणकोंबडी
गोधडीवाली, आत्ता नको. उन्हाच्या भरवशावर कावीळ सोडायची नसते.

निशिगंधा
परत आलो. रक्त तपासलं, काविळीचा आकडा दाखल करण्याइतका नाही, परवा पुन्हा बघणार. ताप नाही, रक्तातली साखर ठीक. दर अडीच तासांनी अंगावर घ्यायचं, नंतर काढलेलं दूध वाटी-चमच्याने, दोन्ही मिळून खेपेला ३५ मिलीच्या आसपास जायला हवं म्हणाले. दिवसाला २०-३० ग्रॅम वाढलं पाहिजे, आशाताई काटा घेऊन येत राहतील. पावडरचा विषय मीच काढला, डॉक्टर म्हणाले आईचं पुरेसं आहे तर कशाला. सासूबाईंना तेवढं ऐकवलं.
आता नवीन कटकट: अर्धं दूध गळ्याकडे ओघळतं. मग ३५ कसे मोजू?

निवृत्त_सिस्टर
आडवं पाजतेस. मांडीवर जवळजवळ बसतं कर, मान तळहातावर. वाटीची कड खालच्या ओठाला टेकव, दूध ओठापर्यंत आण आणि थांब, ते स्वतः चाटेल. ओतायचं नाही, ठसका लागतो. हनुवटीखाली मलमलचा रुमाल ठेव आणि सांडलं तेवढं अंदाजाने वाढव. बोंडलं (बाळाला दूध पाजायचं चोचीचं भांडं) असेल घरात तर तेही चालेल, उकळून घे.

माई_सांगलीकर
चांदीचं बोंडलं माझ्याकडे आहे, आजेसासूंचं. पत्ता खासगी निरोपात दे, पाठवते.

मनमौजी_मृ
माझा मुलगा सव्वा वर्षाचा, रात्री पाच पाच वेळा उठून पितो, सोडतच नाही. कसं सोडवू? लवकर सांगा, वैतागले आहे.

पाणकोंबडी
नवीन धागा काढा. आणि वजन लिहा.