बार्बरा स्टील आणि 'ब्लॅक संडे': तुम्ही कधी पाहिला, काय आठवतं?

सायली_क
काल लेकीने फोनवर एक जुनं पोस्टर दाखवलं, "आई, ही कोण गं?" बार्बरा स्टील! अंगावर काटाच आला. कॉलेजात फिल्म सोसायटीत पाहिला होता हा पिक्चर. मारिओ बाव्हाचा, १९६० चा, इटालियन नाव 'ला मास्केरा देल देमोनिओ'. सुरुवातीलाच आसा या चेटकिणीच्या तोंडावर आतून खिळे असलेला मुखवटा ठेवून भलामोठा हातोडा घालतात. पण मी खरी घाबरले ते दोनशे वर्षांनंतरच्या कात्या या पोरीला बघून. भूमिका दोन, बाई तीच, बार्बरा. समोर उभी आहे ती बिचारी पोर की चेटकीण, शेवटपर्यंत जीव टांगणीला. तुमचेही अनुभव लिहा.

रानवारा
गाईचं दूध काढायला रात्री एकटी जाणारी ती लहान मुलगी!! आमचा गोठा घरापासून लांब होता. पुढे लिहीत नाही, समजून घ्या.

निळीशाई
शवपेटीतल्या आसाच्या रिकाम्या खोबण्यांत डोळे हळूहळू भरत येतात, गालाकपाळावर खिळ्यांची भोकं तशीच. आणि तरी ती सुंदर दिसते, हेच भयंकर. कॅमेराही बाव्हाचाच. १९५७ च्या 'इ व्हांपीरी'त त्याने बाई कटशिवाय म्हातारी केली होती: सुरकुत्या रंगाने काढायच्या, मग दिव्यांचा रंग बदलायचा. कृष्णधवलमध्ये रंग कळतच नाही, नुसत्या सुरकुत्या उमटतात.

वहिनी७
कुकर लावून आले. रानवारा, मीही गोठ्यातलीच, कळलं बरं. आमच्याकडे 'पुराना मंदिर'ची दहशत होती. त्यातल्या सैतान सामरीचं नाव काढलं की धाकटा भाऊ आजीच्या पदराआड.

रानवारा
सामरी!! वहिनी, आता झोपेचं खोबरं.

दर्यावर्दी
मी लंडनला असतो. इथे ब्रिटनमध्ये या पिक्चरवर १९६८ पर्यंत बंदी होती, आणि नायिका इथलीच, बर्कनहेडची! मला एक गोष्ट फार लागते: इंग्रजी आवृत्तीतही आवाज दुसऱ्याच बाईचा आहे. म्हणजे आपण घाबरतो ते निव्वळ तिच्या चेहऱ्याला. केवढी ताकद!

सायली_क
दर्यावर्दी, हे माहीतच नव्हतं. वाईट वाटलं तिच्यासाठी.

निळीशाई
फेलिनीच्या 'साडेआठ' (8½) पिक्चरमध्येही आहे ती, १९६३ चा. भूमिका छोटी, पण नजर हटत नाही. आणि पुढे निर्माती झाली, 'वॉर अँड रिमेंब्रन्स' मालिकेची.

वहिनी७
ती मालिका आमचे हे बघायचे! विचारते त्यांना. निळीशाई, गोगोलच्या ज्या कथेवरून हा पिक्चर घेतलाय ती 'विय' मराठीत आहे का कुठे? सासऱ्यांना रशियन कथांचं वेड आहे, वाढदिवसाला देता येईल.

निळीशाई
इंग्रजी पुस्तक आहे माझ्याकडे. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पाठवते.